तिसरं लेकरू

हिवरवाडी, घाटनांदूरजवळ
१२ फेब्रुवारी २००३

प्रिय जाईवहिनी,

तुमाला आन दादाला सप्रेम जयभीम.

माझ्या बाळंतपणाला तुमी शाळेतून रजा काढून आलात, ते सगळी वस्ती अजून बोलून दाखवती. यशोधरा बरी हाय. दिवा लावला की टक लावून बघती. थोरली दोघं तिच्यापायी भांडत्यात.

दादाकडं वकिलीचं काम हाय, म्हणून पत्र लिवतेय. मला दूध संस्थेच्या चेअरमनपदावरून काढायचं चाललंय. फाट्यावर ज्याचं दुधाचं खाजगी सेंटर हाय तो आबासाहेब तुमाला म्हाईत हाय. आमी बायांनी संस्था काढली तवापसून त्याच्याकडं दूध जाईना झालं. त्यानं अंबाजोगाईला सहायक निबंधक साहेबाकडं तक्रार दिली. म्हणतो, सहकारी संस्थेच्या पंचकमिटीत दोनपेक्षा जास्ती लेकरं असलेलं माणूस चालत न्हाई, सरकारचा कायदा हाय, केसरबाईला तिसरं झालंय, तिला काढा.

वहिनी, त्याला सोताला चार हायत. मी कमिटीत तसं म्हणलं, तर त्याची भावजय वत्सलाबाई म्हणली, ती कायद्याच्या आधीची हायत, ती मोजत न्हाईत.

नुसती खुर्ची जाती तर मी तुमाला तकलीफ दिली नसती. औंदा पावसानं पाठ फिरवली. हिरीला तळ दिसतोय, जनावरं खुट्याला वाळून चाललीत. तहसीलदारानं चारा डेपो संस्थेमार्फत चालवायचं कबूल केलंय. मी गेले की वत्सलाबाई चेअरमन व्हणार आन डेपो आबासाहेबाच्या मळ्यात जाणार. मग आपल्या वस्तीतल्या बायांनी पेंढीभर कडब्यासाठी त्याच्या दारात उभं ऱ्हायचं. ज्या बाया आधी म्हणत होत्या की ह्यांच्या हातचं दूध आमच्या कॅनात नको, त्याच आता माझ्याशेजारी बसून फॅट बघत्यात. हे मोडलं तर परत जुळायचं न्हाई.

दादाला एवढंच विचारा. कुणाच्या घरात लेकरं किती, हे सरकारला विचारता येतं का? दादा राज्यघटना शिकलाय. त्यात आपल्या बाजूचं काही असंल की.

तुमची,
केसर


औरंगाबाद
२४ फेब्रुवारी २००३

प्रिय केसर,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. ते घास हातात धरून ऐकत होते.

आधी कायद्याचं सांगते, कारण तू त्याचीच वाट बघत असशील. तुझे दादा म्हणाले, आबासाहेब खोटं बोलत नाही. दोन हजार एक सालचा कायदा आहे. त्याआधीची मुलं, आणि त्यानंतर वर्षभरात झालेलं मूल, माफ. यशोधरा त्या मुदतीनंतर जन्मली. मी म्हटलं, पण हे घरातलं आहे ना? नवराबायकोचं आहे. राज्यघटनेत जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क आहे, मी स्वतः नववीच्या मुलींना नागरिकशास्त्रात शिकवते. त्यावर ते म्हणाले, "सरकार मुलं होऊ देऊ नका असं म्हणत नाही. तीन असतील तर या खुर्चीवर बसू नका, असं म्हणतं. हे घटनेत बसतं का, यावर दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात खटले पडून आहेत. हरियाणातल्या सरपंचांचे आहेत. निकाल लागायचा आहे."

 नंतर ताटाकडे बघत म्हणाले, "एक वाट दिसते. मूल रीतसर दत्तक दिलं तर ते दुसऱ्या घरचं होतं. मग केसरला दोनच राहतात. निदान तसा युक्तिवाद करता येईल." मी विचारलं, कुणाला दत्तक? ते हात धुवायला उठले.

केसर, आमच्या घरात या विषयावर बोलणं होत नाही, तुला माहीत आहे. दुसऱ्या खेपेलाही मूल पोटातच गेलं, त्यानंतर आम्ही तो विषय मिटवून टाकला. म्हणून मी माझं मत देणार नाही. तू नाही म्हणालीस तर मला वाईट वाटेल, असं अजिबात मनात आणू नकोस. वकील म्हणून त्यांनी सुचवलं, म्हणून कळवलं, एवढंच.

निवृत्तीभाऊजींना नमस्कार. लेकरांना पापा.

तुझी,
जाईवहिनी


हिवरवाडी
१९ मार्च २००३

प्रिय जाईवहिनी,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र आल्यावर मी लई दिवस उत्तर लिवलं न्हाई. आधी राग आलता. मग वाटलं, राग तरी कुणाचा धरावा.

गावात सगळे एकच विचारत्यात. कावून ठेवलं तिसरं? पोरगी एक, पोरगा एक, देवानं जोडी दिलती, मग कावून? मी कुणाला बोलले न्हाई. तुमाला सांगते.

पोरगा झाल्यावर मी ऑपरेशनच्या कॅम्पला गेलते. रगत कमी हाय, ताकद भरल्यावर या म्हणून परत पाठवलं. मग संस्थेच्या कामात ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. दिवस गेले तवा हे म्हणले, काढून टाकू. आमी दोघं अंबाजोगाईला दवाखान्यात गेलतो. बाकड्यावर नंबर लावून बसले. माझा नंबर आला, बाईनं नाव पुकारलं, आन मी उठून बाहीर आले. हे मागं पळत आले, काय झालं म्हणून. मी म्हणलं, मला पाहिजे.

बस, एवढंच. पहिली पोरगी सासूला घाई व्हती म्हणून झाली, पोरगा सगळ्याला पाहिजे व्हता म्हणून झाला. हे मला पाहिजे व्हतं. मी कमवायला लागलते, माझ्या सहीनं कॅन जात व्हते, आन मला पयल्यांदा वाटलं की आता मी सोताच्या मनानं एक लेकरू वाढवीन. हे कारण निबंधक साहेबाला सांगितलं तर तो हसंल. आबासाहेबाला तर पटणारच न्हाई की बाईला पोराच्या हावेशिवाय असं काही वाटू शकतं.

आता पुढचं लिवते. डेपोचा हुकूम आलाय. वैरणीची पहिली गाडी शाळेच्या पटांगणात उतरली. दगडाबाई, ती एका म्हशीवर जगणारी म्हातारी, तिनं पेंढी डोक्यावर घेतली आन मला म्हणली, "पोरी, तू हायस म्हणून आमाला मळ्याची पायरी चढावी लागली न्हाई." वहिनी, त्या वाक्यानं मला बांधून टाकलं. हे म्हणत्यात, लेक काय परक्याच्या घरी चाललीय का, मामाच्या घरी चाललीय. ह्यांचंही बरोबर हाय. बांधकामं बंद पडलीत, ह्यांच्यासारख्या गवंड्याला काम न्हाई, टँकर येईल तवा पाणी. तुमच्याकडं नळ हाय.

एप्रिलात मी तिला घेऊन येते. कागदाचं दादा म्हणंल तवा करू. मला एकदाच सांगा, तुमाला ती खरंच पाहिजे का? मत देणार न्हाई म्हणू नका. मी सांगितलं तसं तुमीही सांगा.

तुमची,
केसर


औरंगाबाद
१५ जून २००३

प्रिय केसर,

तू यशोधराला ठेवून गेलीस त्या दिवशी तुझ्या प्रश्नाचं उत्तर तोंडी द्यायचं होतं. तू दारातच तिला माझ्या हातात दिलीस आणि पाणीसुद्धा न पिता रिक्षात बसलीस. म्हणून इथे लिहिते. हो. पाहिजे.

ती आता पालथी पडून पुढे सरकते. पंखा फिरायला लागला की हात वर करते. बाहेरचं दूध आधी तिला मानवलं नाही, पण डॉक्टरांनी बदलून दिलं आणि आता नीट पिते. मी सकाळची शाळा मागून घेतली. ह्यांचं काय सांगू. कोर्टातून आल्यावर आधी बूट काढायचे, मग चहा, मग वर्तमानपत्र, असा माणूस. आता बुटासकट पाळण्यापाशी उभे असतात. परवा अशिलासमोर तिला मांडीवर घेऊन बसले होते. अशील फाटक्या शर्टातला म्हातारा होता, त्यानेही तिला खेळवलं.

दत्तकपत्राची नोंदणी ऑगस्टमध्ये ठेवू म्हणतात. तुझी सुनावणी पुन्हा लांबली आहे, त्यामुळे घाई नाही. एक गोष्ट त्यांनी मला मुद्दाम सांगितली, तीही तुला कळवते. दत्तक एकदा कायद्याने पुरं झालं की मागे घेता येत नाही. ना देणाऱ्याला, ना घेणाऱ्याला. तू आणि निवृत्तींनी यावर शांतपणे बोलून घ्या.

पावसाचं कसं आहे? इथे आभाळ येतं आणि जातं.

तुझी,
जाईवहिनी


हिवरवाडी
८ जुलै २००३

प्रिय जाईवहिनी,

सप्रेम जयभीम. मृग कोरडा गेला. ज्यांनी धूळपेरणी केलती त्यांचं बी मातीतच ऱ्हायलं. संस्थेचं दूध निम्म्यावर आलंय, तरी एकाही बाईनं जनावर बाजाराला काढलं न्हाई, ते फक्त डेपोमुळं. वत्सलाबाईनं मिटिंगीत डेपो मळ्यात न्यायचा ठराव मांडलता. हात वर करायची येळ आली तर तिच्याच बाजूच्या दोघी खाली बघत बसल्या. ठराव पडला. त्या दिवशी मी जेवले.

तुमचं पत्र मी तिनदा वाचलं. आता एक मागते, रागावू नका. ती सरकती, हात वर करती, असं मला लिवू नका. ती बरी हाय एवढंच लिवा. माझं दूध आटायला लई दिवस लागले. बाया कॅन घेऊन रांगेत उभ्या असायच्या आन माझी चोळी भिजायची. मी पदर ओढून फॅट लिवून घ्यायची. दगडाबाईनं एकदा बघितलं. ती माझ्यापुढं येऊन उभी ऱ्हायली, बाकीच्यांना दिसू नये म्हणून.

नोंदणीला आमी दोघं येतो. दादानं बावीस ऑगस्ट कळवलीय. मागं घेता येत न्हाई, हे ह्यांना सांगितलं. हे म्हणले, बोलल्यावर मागं हटायचं नस्तंय. मी भांडी घासायला बसले.

तुमची,
केसर


औरंगाबाद
९ ऑगस्ट २००३

केसर,

हे पत्र शाळेतून लिहितेय. तुझ्या दादांना माहीत नाही. मधल्या सुटीत पेटीत टाकते, म्हणजे घरी जाईपर्यंत माझं मन बदलायला नको.

हरियाणाच्या खटल्यांचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. निवडून येण्याचा हक्क हा मूलभूत हक्क नाही, तो कायद्याने दिलेला आहे, म्हणून त्याला अट घालता येते, असं म्हटलंय. हे आपण धरूनच चाललो होतो. पण पुढे आणखी एक गोष्ट आहे. तिसरं मूल दत्तक दिलं, तरी अपात्रता जात नाही. मूल जन्मलं तेव्हाच ती लागली. निकाल सरपंचांचा असला तरी तुझ्या संस्थेला तोच लावणार, यात ह्यांना शंका नाही.

म्हणजे यशोधरा आमच्याकडे राहिली काय, तुझ्याकडे राहिली काय, खुर्ची जाणारच.

हे मला कालच कळलं. ह्यांनी निकाल मिळवून वाचला होता. मी म्हटलं, आजच्या आज केसरला कळवा. ते खिडकीपाशी गेले. म्हणाले, "बावीस तारखेची नोंदणी होऊ दे. मग सांगू." मी म्हटलं, मग सांगून काय उपयोग? मागे घेता येत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यावर ते मला म्हणाले, "जाई, तुला कळत नाहीये का मी काय करतोय?"

मला कळत होतं. ते माझ्यासाठी करत होते. एक रात्र मीही गप्प राहिले, केसर. ती माझ्या कुशीत झोपली होती. मला वाटलं, तिला काय कमी आहे इथे? केसर पुन्हा भरपूर काम करेल, विसरेल. मग तुझं मार्चचं पत्र आठवलं. मला पाहिजे, म्हणून उठून आलेली तू. दोघींना एकच हवं असेल तर ते खोटं सांगून मी घ्यायचं नाही, एवढं तरी मला ठरवता येतं.

तुझ्या दादांना वाईट समजू नकोस. आयुष्यात त्यांनी कुणाची एक ओळ इकडची तिकडे केलेली नाही.

यशोधरा बरी आहे. तू एवढंच लिहायला सांगितलं होतंस.

जाई


हिवरवाडी
३० ऑगस्ट २००३

प्रिय जाईवहिनी,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र मी संस्थेत कॅनावर बसून वाचलं. बाया विचारायला लागल्या, कोन गेलं? मी म्हणलं, कोनी न्हाई गेलं.

बावीस तारखेला आमी आलो न्हाई. जमत न्हाई, असा एसटीडीवरून निरोप दिला. म्हणून सव्वीसच्या सुनावणीला दादा काळा कोट घालून अंबाजोगाईत आला तो आधीच परेशान व्हता. "का आली नाहीस?" म्हणला. मी म्हणलं, आधी आत जाऊ.

आत निबंधक साहेब, एक कारकून, आबासाहेब, त्याचा वकील. साहेब वयस्कर हायत, बोलायला चांगले. दादा उभा ऱ्हायला. "तिसरे अपत्य दत्तक देण्याची प्रक्रिया चालू आहे, तरी मुदत मिळावी," असं काहीतरी म्हणायला लागला. दादाचा आवाज कोर्टात कसा असतो ते मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्या दिवशी तो आवाज त्याचा नव्हता.

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्हाला अपत्यं किती?"

मी म्हणलं, "तीन. दत्तक न्हाई. तिन्ही माझीच हायत."

दादा खाली बसला.

साहेब म्हणले, "तुमचं काही म्हणणं असेल तर नोंदवून घेतो. ऑपरेशन फसलं, वैद्यकीय कारण होतं, काही?" त्यांना बिचाऱ्यांना मला कायतरी वाट द्यायची व्हती. मी म्हणलं, "साहेब, कायद्यानं कारण विचारलंय का?" ते म्हणले, "नाही. फक्त संख्या." मी म्हणलं, "मग संख्याच लिवा. कारण माझ्या घरात राहू द्या."

मग मी एक विचारलं. "आबासाहेबांना चार हायत. उद्या ते माझ्या जागी बसले तर चालंल?" साहेब म्हणले, "ती मुदतीच्या आधीची आहेत. चालेल." आबासाहेब छताकडं बघत बसला. साहेबानं टोपण लावून पेन खिशाला अडकवलं आन म्हणले, "बाई, मी ठरवत नाही. मी मोजतो."

मला त्यांचा राग आला न्हाई.

बाहीर स्टँडवर दादा नि मी. मी म्हणलं, "दादा, दिल्लीच्या कोर्टाचं मला म्हाईत हाय." त्यानं विचारलं, "जाईनं लिहिलं?" मी म्हणलं, व्हय. तो लई वेळ बसच्या पाट्या वाचत उभा ऱ्हायला. मग म्हणला, "ती घरात गुणगुणायला लागली होती, केसर. इतक्या वर्षांत मी ऐकलं नव्हतं." आन रुमाल काढायचं सोडून टायनंच डोळे पुसले, वकिलाचा पांढरा पट्टा असतो तो. मी त्याचा हात धरला. लहानपणी तो माझा धरून शाळेत न्यायचा तसा.

मी त्याला काही म्हणणार न्हाई, तुमीही म्हणू नका.

वहिनी, मी पुढच्या ऐतवारी येते. ती तुमाला लागली असंल, तिच्या अंगाला तुमच्या घराचा वास येत असंल, सगळं म्हाईत हाय. तरी मला माझी लेक पाहिजे. हे लिवताना मला लाज वाटत न्हाई, पण तुमच्याकडं बघताना वाटंल.

केसर


औरंगाबाद
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय केसर,

तू लिहिलेल्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. घर आवरत होते. पाळणा शेजारच्यांना दिला, मग परत मागून आणला, मग पुन्हा दिला.

तू तिला घ्यायला आलीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, कारण तवा तापला होता. तू दोनदा हाक मारलीस. मला ऐकू आलं होतं. प्रवासात लागतील म्हणून भाकरी करत होते आणि करतच राहिले. तुम्ही गेल्यावर मोजल्या तर तिघांच्या घराला दोन दिवस पुरतील इतक्या झाल्या होत्या.

पहिले काही दिवस आम्ही दोघं फार कमी बोललो. मग एके संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "तू पत्र टाकलं नसतंस तर?" मी म्हटलं, "तर मी यशोधराला आयुष्यभर घाबरत राहिले असते."  दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बूट काढून, चहा घेऊन मग पेपर. पण बोलतात. पूर्वीपेक्षा जास्तच.

परवा वर्गात मूलभूत हक्कांचा धडा होता. मी तुझं नाव न घेता हा निकाल सांगितला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, तिसरं मूल होणं गुन्हा आहे का?" म्हटलं, नाही. "मग शिक्षा कशाची?" मी म्हटलं, उद्या सांगते. घरी येऊन ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "न्यायालय म्हणतं ही शिक्षा नाही, अट आहे. आणि लोकसंख्येचा प्रश्नही खोटा नाही." मी म्हटलं, ज्या बाईला छातीला फडकं बांधून दूध आटवावं लागलं तिला हा फरक समजावून सांगाल? ते म्हणाले, "नाही सांगता येणार." मग म्हणाले, "घटना लिहिणाऱ्यांनी दार ठेवलं आहे. कायदा बदलता येतो. कोर्टाने वैध म्हटलं म्हणजे शहाणा म्हटलं असं नाही." असं ते कोर्टात बोलत नाहीत. घरात बोलले.

अपिलाचं विचारत होते. तू म्हणशील तर वर जाऊ, फी वगैरे विषय नाही. पण निर्णय तुझा.

संस्थेचं काय झालं? वत्सलाबाई बसल्या का? आणि आता मी विचारते, तू नाही म्हणू शकतेस. तिचं सगळं लिहिशील का? बरी आहे, एवढंच नको.

तुझी,
जाईवहिनी


हिवरवाडी
५ डिसेंबर २००३

प्रिय जाईवहिनी,

सप्रेम जयभीम. अपील नको. दादाला सांगा, लेकराचं नाव आता मला कुठल्या कचेरीत पुकारून घ्यायचं न्हाई.

संस्थेचं ऐका. मला काढल्याचा हुकूम आला आन नवा चेअरमन निवडायची मिटिंग लागली. वत्सलाबाई इरकली लुगडं नेसून आलती. आमच्या बाजूनं कोनाला उभं करावं, काही सुचंना. तरण्या बायांना कुणाला तीन, कुणाला पोटात. मग कोनीतरी म्हणलं, दगडाबाई. तिला सहा झाली, चार जगली, पण समदी कायद्याच्या आधीची. म्हातारी म्हणली, "मला सही येत न्हाई." मी म्हणलं, शिकवते. आन ती निवडून आली, वहिनी. वत्सलाबाईनंच शेवटाला तिच्यासाठी हात वर केला. का केला ते तिनं सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. जाताना यशोधराच्या हातावर खडीसाखर ठेवून गेली.

मी आता संस्थेची सचिव हाय. सचिव पगारी माणूस, त्याला लेकरांची अट न्हाई, असं साहेबानंच सांगितलं. डेपो शाळेतच हाय. ह्यांना रोजगार हमीवर नालाबांधाचं दगडकाम मिळालं.

दगडाबाईला मी म्हणलं, बगा, सहा लेकरांची माय चेअरमन आन तीनवाली बाद, कसला कायदा म्हणावा. म्हातारी काय म्हणली ते दादाला सांगा. "पोरी, माझ्या टायमाला हा कायदा असता तर मी तो सासूच्या तोंडावर मारला असता. चौथ्याच्या येळेला मी मराया टेकले व्हते. पण मला नको व्हतं तवा कुणी विचारलं न्हाई, आन तुला पाहिजे व्हतं तवा बी कुणी विचारलं न्हाई." मी त्यावर लई दिवस विचार करतेय. तिला कायदा पाहिजे व्हता, मला नको. दोघींना जे पाहिजे व्हतं ते मला एकच वाटतं, पण नीट मांडता येत न्हाई. तुमी मास्तरीण, तुमी मांडा.

आता तिचं. पयला महिना वाईट गेला. माझ्याकडं यायची न्हाई. थोरलीकडं जायची, बापाकडं जायची, मला बघितलं की तोंड फिरवायची. घरात पंखा न्हाई, तरी आढ्याकडं बघून हात वर करायची. मी भाकरी थापायला बसले की मात्र सरकत जवळ यायची आन परातीला धरून बसायची. मला कळंना, भाकरीचं तिला काय एवढं. मग कळलं, तुमाला ती तशीच बघत असंल. म्हणून मी दिवसातून दोनदा थापायला लागले, भूक असो नसो. एक दिवस तिनं परात सोडून माझा पदर धरला. आता उभी ऱ्हाती. भिंतीला धरून चालती. चार दात.

तुमी आलात तर ती माझ्याकडून तुमच्याकडं उडी मारंल, मला म्हाईत हाय. मला जड जाईल. तरी या. ह्या साली टँकरचं पाणी, गावात धूळ, पण ज्वारी मागच्या सालची थोडी हाय. दादालाही आणा, बूट काढून बसायला ओसरी हाय.

कचेरीत त्यांनी लेकरं मोजली. एका लेकराला किती आया चालत्यात, ह्याचा काही कायदा हाय का, एवढं दादाला विचारा. नसंल तर नाताळच्या सुट्टीत या.

तुमची,
केसर